गगनठाण्याचं बारावं दार

१

सकाळी नऊ ते दुपारी दोन हे पाच तास सोमनाथचे, असं त्या घरात ठरूनच गेलं होतं. त्या पाच तासांत भाग्यश्रीनं नवऱ्याला कधी दळणालासुद्धा पिटाळलं नाही. सोमनाथ जेजुरकर नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होता आणि त्यानं हट्टानं कायमची दुसरी पाळी मागून घेतली होती. सकाळी डोकं ताजं असतं, ताज्या डोक्यानं लिहिता येतं, हे त्याचं कारण.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भाग्यश्री फुलांची पाटी पुढ्यात घेऊन बसायची. मखमलाबादला तिच्या थोरल्या दिराचा मळा होता. सकाळी त्यांचा टेम्पो शेवंती-झेंडू टाकून जाई आणि दुपारी चारला ओवलेल्या माळा घेऊन जाई. आतल्या खोलीत सोमनाथ, त्याचं टेबल आणि एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला जुना कॉम्प्युटर. त्या खोलीला गज लावलेली एक खिडकी होती आणि बाहेर यायला एकच वाट, भाग्यश्रीच्या खोलीतून. मध्ये दार नव्हतं, नुसता पडदा.

२००४ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका सकाळी चंदर मंडलिक स्कूटर दामटत आला आणि उंबऱ्यातूनच ओरडला, "वहिनी, आधी काहीतरी गोड आणा! तुमचा नवरा कादंबरीकार झाला!"

चंदरचं मेन रोडला पुस्तकांचं दुकान होतं. शाळेची गाइडं छापून तो पोट भरायचा आणि त्या जिवावर दरसाल एक दिवाळी अंक काढायचा. सोमनाथच्या तीन विज्ञानकथा त्यानंच छापल्या होत्या.

"पुण्याच्या चार पोरांनी एक व्हिडिओ गेम केलाय," तो घाम पुसत सांगू लागला. "गगनठाणं. तीन भाग आलेत, परदेशातसुद्धा खपतात. अंतराळात एक ठाणं आहे. चारशे माणसांची वस्ती. आपण यानातून उतरतो, बघतो तर आत चिटपाखरू नाही. ना प्रेत, ना रक्त, ना भूत. सामान जिथल्या तिथं, फक्त माणसं नाहीत! आपण बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करत करत बाहेर पडायचं. आता त्यांना ह्या खेळाच्या आधीची गोष्ट हवीय. पुस्तक! माणसं होती तिथपासून ती गेली तिथपर्यंत."

"पण गेली कुठं?" भाग्यश्रीनं विचारलं.

चंदरनं टाळी वाजवली. "तेच तर! त्या पोरांनाच माहीत नाही. ते सोमनाथनं ठरवायचंय!"

बायकोकडे बघून सोमनाथ असा हसला की तिच्या हातातली सुई थांबली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण एवढा उजळलेला चेहरा तिनं पाहिला नव्हता. त्या दिवशी नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच तो पाळीला उशिरा पोचला.

२

सोमनाथची पद्धत ठरून गेली. सकाळी दोन तास खेळायचं. ठाण्यातल्या खोल्या, जिने, यंत्रं वहीत टिपायची. मग तीन तास लिहायचं, तेही हातानं. तो कामावर गेला आणि माळांचा टेम्पो निघाला की भाग्यश्री कॉम्प्युटरवर बसून तीच पानं टाइप करायची. लग्नाआधी तिनं कॅनडा कॉर्नरच्या एका क्लासात डीटीपीचा कोर्स केला होता. तो असा कामी येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"गंमत काय आहे माहितीये?" सोमनाथ जेवताना सांगायचा. "शेवट आपल्या हातात नाही. खेळ सुरू होतो तेव्हा ठाणं रिकामं असतं, म्हणजे आपलं पुस्तक संपतं तेव्हा ते रिकामंच पाहिजे. कसं रिकामं झालं, तेवढं आपलं."

तिसऱ्या प्रकरणात ठाण्यातली भोजनशाळा आली. सोमनाथनं टेबलं लिहिली, बाकं लिहिली, वाफेचे नळ लिहिले. टाइप करताना भाग्यश्रीला ती जागा फार ओकीबोकी वाटली. चारशे माणसांत एखादी तरी बाई हौशी असेल की! तिनं आपल्या मनानं एक वाक्य घातलं: दिव्यांच्या उजेडात वाढवलेल्या शेवंतीची एक माळ टेबलावर होती. सोमनाथला सांगायचं ती विसरली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास आतून हाक आली.

"भागू! इकडं ये! अगं, तुझी माळ!"

ती पडदा सारून आत गेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर भोजनशाळा होती. करड्या रंगाची, लांबलचक, नेहमीसारखी रिकामी. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पिवळी शेवंती. माळ अर्धी ओवलेली होती. सुई एका फुलात अर्धी शिरून तशीच राहिली होती.

"माझं वाक्य वाचलंत वाटतं तुम्ही," ती म्हणाली.

"कसलं वाक्य?"

तिनं सांगितलं. तिनं टाइप केलेली पानं सोमनाथनं अजून उघडलीच नव्हती. दोघं एकदम हसू लागली.

हसता हसता भाग्यश्रीची नजर दोऱ्यावर गेली. दोरा निळा होता. माळेला कोणी निळा दोरा घेत नाही. पण तिचा पांढरा दोरा काल संपला होता आणि बाहेर तिच्या पाटीत, आज सकाळपासून, निळाच दोरा होता.

३

डोकं शाबूत असलेल्या माणसानं जे म्हणावं तेच तिनं स्वतःला समजावलं. सोमनाथ खेळत असताना ती दहादा आत-बाहेर करते. कधीतरी ती माळ डोळ्याखालून गेली असेल आणि मनात राहिली असेल. तीच तिनं लिहिली, झालं. चंदरनं पुण्याला फोन करूनही विचारलं. तिकडचा मुलगा म्हणाला, आमच्या चित्रकारानं हजारभर वस्तू काढल्यात, माळ असेलही, कोण लक्षात ठेवतो?

एवढ्यानं तिचं समाधान व्हायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला ते नकोच होतं. लहानपणी सर्कशीच्या तंबूला डोळा लावून बघताना जशी छाती धडधडायची, तशी रोज सकाळी धडधडू लागली होती.

"आपण परीक्षा घेऊ," सोमनाथ म्हणाला.

दोघं शाळकरी पोरांसारखी मागे लागली. तिनं गुपचूप एक वस्तू लिहायची, त्यानं सकाळी शोधायची. तिनं मटाराच्या शेंगांनी भरलेलं ताट लिहिलं. ठाण्याच्या बाराव्या गल्लीत एका पलंगावर ताट मिळालं. तिनं दाढीचं सामान लिहिलं, पत्र लिहिलं, भाकरी लिहिली. सगळं मिळालं. प्रत्येक वेळी आतून "सापडलं!" अशी आरोळी यायची आणि ती हातातलं टाकून धावत सुटायची.

"डिस्क दोन वर्षांपूर्वीची आहे, भागू! दोन वर्षांपूर्वी छापलेली! मग हे येतं कुठनं?" तो विचारायचा. त्याला उत्तर नको असायचं. विचारताना त्याचे डोळे लकाकायचे.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. अख्खी वस्तू आत कधीच नसायची. मटार अर्धे सोललेले, एका शेंगेत अंगठ्याची खूण. दाढीच्या साबणाचा फेस ब्रशवर. पत्र शब्दाच्या मध्येच थांबलेलं. भाकरीचा घास मोडून कालवणात बुडवलेला आणि तिथंच सोडलेला. तिनं यातलं काहीच अर्धं लिहिलं नव्हतं.

"कोणीतरी बोलावलंय त्यांना," ती म्हणाली. "हातातलं काम टाकून उठलेत सगळे."

सोमनाथनं वही ओढली. "परत सांग," तो म्हणाला. "हेच! हेच लिहायचंय!"

४

दर बुधवारी गोजराबाई यायची. सोमनाथची आई ती, राहायची मखमलाबादला थोरल्याकडं. बुधवारच्या बाजारात भाजी विकून झाली की उरलेली मेथी-कोथिंबीर घेऊन धाकट्याच्या घरी चहाला टेकायची.

त्या बुधवारी ती आली तेव्हा दोघं आत होती. ठाण्याच्या आठव्या गल्लीत त्यांना एक पाळणा सापडला होता, अजून हलणारा. किती वेळ गेला कळलं नाही. बाहेरून गोजराबाईचा आवाज आला तेव्हा भाग्यश्री दचकून उठली.

गोजराबाई खोलीच्या मधोमध उभी होती. पाटी टेकवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"काय गं, हे काय मांडलंय?"

भाग्यश्रीनं सासूच्या नजरेनं आपली खोली पाहिली. गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं होतं. नळ चालू होता. कणीक अर्धी मळलेली, परातीत तिच्या बोटांचे ठसे. दोरीवर एक साडी अर्धी पिळून तशीच टाकलेली, तिचं पाणी जमिनीवर टपटपत होतं. माळ पाटीबाहेर लोंबत होती.

"घराला कोन न्हाई का काय, असं वाटलं मला," गोजराबाई म्हणाली. "दार सताड उघडं, दूध जळतंय, अन माणसाचा पत्ता नाय."

"आई, तू बघ तरी!" सोमनाथ आतून आला. त्यानं अर्धीच दाढी केली होती. एका गालावर फेस वाळला होता. "बघ, पाळणा हलतोय! कोणी हलवत नाही आणि हलतोय!"

"तोंड धू आधी," गोजराबाई म्हणाली. "असं काय लागलंय रे मागं, की हातातला घास टाकून पळता? हाती घेतल्यालं काम पुरं करावं अन मग उठावं. अर्ध्यावरनं उठल्यालं माणूस कोनाच्याबी हाकंला जातंय."

भाग्यश्रीनं नळ बंद केला. तिला लाज वाटली. पण सासू चहा पिऊन जाईपर्यंत तिचे कान पडद्याकडेच होते.

५

गगनठाण्यात बारा दारं होती. अकरा उघडत. बारावं, उत्तरेकडचं, तिन्ही भागांत कधीच उघडलं नव्हतं. पुण्याच्या मुलांनी ते नुसतं शोभेला काढलं होतं, पलीकडे काही नव्हतंच. खेळाला संगीतही नव्हतं. यंत्रांची एकसुरी घरघर, एवढाच काय तो आवाज.

डिसेंबरच्या एका लख्ख सकाळी सोमनाथनं तिला शेजारी बसवलं. "कान दे," तो म्हणाला.

पडद्यावर बारावं दार होतं. घरघर होती. आणि तिच्याखाली आणखी काहीतरी.

आधी तिला वाटलं, गल्लीत कुणाची वरात आहे. मग कळलं, हा आवाज आतलाच. पुष्कळ माणसं एका जागी जमली होती. शब्द कळत नव्हते. पण ती माणसं कशी होती, हे तिला लगेच कळलं. रंगपंचमीला नाशकात रहाड उघडते, रंगानं भरलेला तो जुना हौद, आणि त्याच्या काठावर माणसांची दाटी होते. पहिला माणूस उडी घेण्याआधी त्या गर्दीतून जो आवाज निघतो, श्वास धरलेला, हसू फुटायच्या बेतात असलेला, अगदी तसा तो आवाज होता.

"घाबरलेले नाहीत ते," सोमनाथ कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते. "समजलं का भागू? मी महिनाभर आग लिहीत होतो, रोगराई लिहीत होतो. तसलं काहीच झालं नाही. ते आनंदानं गेले! चारशेच्या चारशे, हसत गेले!"

भाग्यश्रीच्या अंगावर सरसरून काटा आला आणि तो काटा सुखाचा होता. त्या दाराजवळ जावं, लाकडाला कान लावावा तसा त्या काचेला लावावा, असं तिला वाटलं. तिनं लावलाही. काच गरम होती. पलीकडे कोणीतरी, अगदी जवळ, हसू दाबत होतं.

६

चंदरला आवाज ऐकवला तेव्हा तो खुर्चीतून उठून खोलीभर नाचला. "छापतो! उद्या छापतो! शेवटचं प्रकरण दे!"

तेवढ्यात वीज गेली. लोडशेडिंगची वेळच होती ती. पडदा काळा झाला, पंखा थांबला, कॉम्प्युटरखालच्या बॅटरीच्या डब्यानं थोडा वेळ चीं चीं केलं आणि तोही मेला. गल्ली शांत झाली. उन्हाचा पट्टा खिडकीतून टेबलावर पडला होता.

आवाज चालूच होता.

तिघंही काळ्या काचेकडे बघत बसली. भाग्यश्रीनं मनाशी हिशेब मांडला: शेजारी रेडिओ असेल, सेलचा. पण शेजारच्यांचा मुलगा आजारी, ते गावी गेलेले. मग कारखान्याचा भोंगा, रस्त्यावरची बस. तिनं स्पीकरची वायर उपटली. आवाज तसूभरही कमी झाला नाही.

तिनं दोघांकडे पाहिलं. भीती तिला तेव्हा वाटली, पहिल्यांदा. आवाजाची नाही. चंदरच्या आणि सोमनाथच्या तोंडांवर एकच भाव होता. लग्नाच्या मांडवात अंतरपाट धरलेला असतो आणि आता दूर होईल, आता दूर होईल, म्हणून मंडळी माना उंचावतात, तसा.

"चंदरभाऊ," ती म्हणाली, "दुकानात कोण आहे?"

"दुकान?" चंदरला आठवायला वेळ लागला. "अरे हो. एक गिऱ्हाईक होतं. त्याचं पुस्तक बांधत होतो..." तो खुळ्यासारखा हसला. "तो उभाच असेल अजून!"

त्याच्या पायात एकच चप्पल होती.

रात्री सोमनाथ पाळीवरून आला की त्याला सांगायचं असं तिनं ठरवलं, बस्स झालं, हे पुस्तक नको. पण दोन वाजून गेले तरी सोमनाथ पाळीला निघालाच नाही. आठवडाभराची रजा टाकून तो टेबलाशी बसला होता. लिहीत होता, आणि लिहिता लिहिता हसत होता.

७

शेवटचं प्रकरण बुधवारी पुरं झालं, एक वाक्य सोडून. आता पानं तिच्याकडे यायचीही थांबली होती. सोमनाथ स्वतःच दोन बोटांनी टाइप करत होता.

अकरा वाजले होते. भाग्यश्री बाहेर माळ ओवत होती. सासूचं बोलणं मनात धरून तिनं त्या दिवशी एकेक काम निपटलं होतं. दूध तापवून झाकलं होतं, कणीक मळून झाली होती. उरली ती ही शेवटची माळ, पाऊणशे फुलांची.

"आणि बारावं दार," आतून सोमनाथ टाइप करत करत मोठ्यानं म्हणाला.

आणि मग ती हाक.

"भागू! भागू, ये! उघडलं!"

असा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माणूस एवढा सुखी होऊ शकतो हेच तिला ठाऊक नव्हतं. तिची छाती भरून आली, पाय आपोआप जमिनीवर रोवले गेले, ती उठलीसुद्धा. मधल्या पडद्याच्या कडेनं उजेड येत होता. ट्यूबलाइटचा नव्हे, उन्हाचा नव्हे. आणि गर्दी आता मोकळेपणानं हसत होती.

"वहिनी, चला की!" हा चंदर. चंदर तर मेन रोडला होता, सकाळी त्याचा फोन येऊन गेला होता.

पाऊल उचलताना तिचं लक्ष खाली गेलं. माळ जमिनीवर पडली होती. निळा दोरा. सुई एका फुलात अर्धी शिरलेली. शेवंतीची पाकळी जशी वळली होती, तशीच तिनं ती आधी पाहिली होती, करड्या टेबलावर, काचेच्या आत.

भाग्यश्री खाली बसली.

तिनं सुई पुढं ओढली. फूल सरकवलं. दुसरं घेतलं.

"भागू, अगं सोड ते! लवकर!"

"आले," ती म्हणाली. "एवढं संपवते आणि आले. तुम्ही थांबा. अहो, थांबा तिथंच!"

तेवीस फुलं उरली होती. घाईत सुई बोटात शिरली, पाकळीवर रक्ताचा ठिपका पडला. मन उसळ्या मारत होतं. जा, काय ओवत बसलीस, असं सुख पुन्हा मिळायचं नाही. सोमनाथ हाका मारत होता, हसत, लाडानं, मग घाईनं, मग जरा लांबून. "भागू... भागू..." तिनं ओठ चावला. सोळा. नऊ. चार. शेवटचं फूल सरकवलं, दोरा तोडला, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली.

आणि धावली.

खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची मागे सरकलेली, चहा अर्धा, पेनाचं टोपण उघडं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बारावं दार बंद होत होतं आणि वीतभर फट उरली होती. त्या फटीत तिला पाठी दिसल्या, दाटीवाटीनं उभ्या, सगळ्या पलीकडच्या कशाकडे तरी बघणाऱ्या. एकच चेहरा तिच्याकडे वळलेला होता. सोमनाथचा. तो हसत होता आणि खुणेनं बोलवत होता. त्याच्या खांद्यावर एक हात होता, त्याला पुढं नेणारा. तो हात कुणा माणसाचा म्हणावा तर बोटं फार होती.

फट मिटली.

८

पोलिसांनी विचारपूस केली. गज शाबूत होते, सोमनाथच्या चपला दाराशीच होत्या. चंदरचं दुकानही उघडंच सापडलं, गल्ल्यावर एक पुस्तक अर्धं कागदात बांधलेलं. दोघांनी मिळून पोबारा केला असं लोक म्हणाले, आणि थोड्या दिवसांनी तेही म्हणायचे थांबले.

गोजराबाई मखमलाबाद सोडून सुनेकडे राहायला आली. भाग्यश्री एका डीटीपी सेंटरवर लागली. तिथं सगळे तिला हसायचे, कारण कितीही महत्त्वाचा फोन येवो, हातातली ओळ पुरी झाल्याशिवाय ही बाई उठत नसे. घरातही तसंच. अर्धं काहीच राहत नसे.

एक गोष्ट सोडून. आतल्या खोलीतला कॉम्प्युटर तिनं चादर टाकून झाकून ठेवला होता. स्पीकर भंगारात दिले, कॉम्प्युटर दिला नाही.

"पुरं करून टाक त्ये," गोजराबाई दरसाल म्हणायची. "एवढं एकच काम तू अर्धं ठिवलंय."

"पुरं केलं तर दार कायमचं लागेल, आई."

मग म्हातारी चादर सारखी करून बाहेर जायची. शेवटी तिचाच मुलगा होता तो.

२००८ च्या मार्चमध्ये, भर दुपारी, दारात एक तरुण आला. पुण्याचा, ओम नावाचा, गगनठाणं बनवणाऱ्या चौघांपैकी एक. उन्हानं लाल झाला होता, पण नुसता फुललेला होता.

"मॅडम, ती कादंबरी तुमच्याकडे आहे ना? आम्हाला हवीय! चौथा भाग येतोय. आणि काय झालंय माहितीये? जगभरातून पत्रं येताहेत. बाराव्या दारामागं माणसांचा आवाज येतो म्हणतात! आम्ही तो टाकलेलाच नाही! मी स्वतः ऐकला, काल. आज सकाळी दाढी करता करता पुन्हा ऐकू आला आणि तसाच निघालो!"

त्याच्या एका गालावर खुंट होते. त्याच्या मागे, गल्लीत, एक गाडी उभी होती. दार उघडं, इंजिन चालू. मागच्या सीटवर एक डबा उघडा पडला होता.

"बसा," भाग्यश्री म्हणाली. "आधी गाडी बंद करून या."

"असू दे हो! तुम्ही आधी..."

"गाडी बंद करा. दार लावा. डबा खाऊन संपवा. मग बोलू."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो वळला. गोजराबाई त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेली आणि तो जेवेपर्यंत तिथंच उभी राहिली.

भाग्यश्री आतल्या खोलीत आली. चादर काढली, बटण दाबलं. जुनं यंत्र खरखरत जागं झालं. जगभर, तो म्हणाला होता. किती घरांत दूध करपत असेल? किती नळ चालू असतील? छातीत ते जुनं उधाण पुन्हा चढू लागलं, तीन वर्षांत एवढंसुद्धा ओसरलं नव्हतं. तिनं फाइल उघडली. शेवटच्या पानावर सोमनाथचे तीन शब्द होते.

आणि बारावं दार

तिनं टाइप केलं: बंद झालं.

पूर्णविराम द्यायला बोट उचललं आणि तिला रडू फुटलं. पण तिनं तो दिला.

उधाण एकदम ओसरलं. गल्लीतली गाडी बंद झाल्याचं ऐकू आलं. कुठंतरी कपडे आपटत होते, कोणी पोराला हाक मारत होतं. तिला वाटलं, झालं, संपलं.

तेव्हा काचेच्या मागून, भिंतीच्या बाजूनं, सोमनाथ बोलला. आवाजात हसू नव्हतं, घाई नव्हती. रविवारी उशिरा जाग आल्यावर तो बोलायचा तसा, जडसा, भानावर येत असलेला, आणि हळूहळू घाबरत चाललेला आवाज.

"भागू," तो म्हणाला, "दार कोणी लावलं गं?"